आजींनी प्रार्थना करायला सांगितली आणि मी पाळकांना फोन लावला. मंडळीच्या वडिलांचं नेमकं काम काय?

कृष्णाकाठची

सर्वांना जय ख्रिस्त.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मार्चमधल्या वार्षिक सभेत मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, मला वडील (एल्डर) म्हणून निवडलं. आमची मंडळी जुन्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या वळणाची, साठएक घरं. पाळकसाहेबांकडे (पास्टरांकडे) आमच्याशिवाय आणखी दोन गावं आहेत, त्यामुळे महिन्यातले दोन रविवार ते आमच्याकडे आणि बाकीचे दोन आमचे आम्ही. आम्ही पाच वडील, त्यात बाई मी एकटीच.

या सहा महिन्यांत मी अर्पण मोजलं, रजिस्टरवर सह्या केल्या, प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या) दिवशी ट्रे धरला, कापणीच्या सणाला लिलावातल्या भाजीची आणि कोंबड्यांची यादी केली. कंपाउंडच्या भिंतीसाठी तीन ठिकाणची कोटेशनं आणली. हे सगळं मला जमतं.

मागच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर आमच्यातल्या एका आजींना बघायला गेले. पडल्यापासून खाटेवरच आहेत. सून चहा ठेवायला आत गेली, तसा आजींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "वडील झालीस न्हवं? मग कर की प्रार्थना." माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी म्हटलं, "आजी, पाळकसाहेबांना फोन लावते." त्यांनी माझा हात सोडला. रागावल्या नाहीत, नुसता सोडला. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद म्हणतात, "आत्मिक काम पाळकांचं, वडिलांनी कारभार बघायचा." मी सेमिनरीत, पाळक तयार करणाऱ्या शाळेत, गेलेली नाही. बायबल वाचते, शब्बाथ शाळेत मुलांना शिकवलंय, तेवढंच. मग माझं काम भिंतीची कोटेशनं आणणं एवढंच आहे का? आणि नसेल, तर बाकीचं कसं शिकायचं? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

पेठेतला खजिनदार

ताई, अभिनंदन. मीही बावीस वर्षं कमिटीवर आहे. पैशाचं काम हलकं समजू नका. मंडळ्या फुटतात त्या शिकवणीवरून क्वचित, जमिनीवरून आणि हिशेबावरून जास्त. पाळकांचा पगार वेळेवर होणं, अर्पणाची मोजणी दोघांच्या समोर होणं, जमिनीचे कागद एका जागी असणं, हे ज्याने सांभाळलं त्याने देवाच्या घराची सेवाच केली. आजींसाठी पाळकांना फोन लावलात यात काहीही चुकलं नाही. ज्याचं त्याने करावं.

मिरजेचे काका

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि मला झोप लागली नाही. मी बहात्तर वर्षांचा आहे. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो आणि एकोणतीस वर्षं मंडळीचा वडील होतो. सेमिनरीचं तोंड मीही पाहिलेलं नाही.

खजिनदार भाऊ, तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण शेवटचं वाक्य मला पटत नाही. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय, चौदावं वचन काढा. दुखणाइताने कुणाला बोलवायचं? मंडळीच्या वडिलांना. त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करायची. तिथे अनेकवचन आहे, म्हणजे हे एका माणसाचं काम मानलेलंच नव्हतं. आजींनी ताईंना बोलावलं ते अगदी शास्त्राप्रमाणे. पैशाचं आणि वाटपाचं काम प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात सात जणांना वेगळं नेमून दिलं, त्यावरूनच आपल्याकडे डीकन आले. आपल्या लहान मंडळ्यांत माणसं कमी, म्हणून वडिलांच्याच गळ्यात हिशेब पडतो. पडू दे, करावा लागतो. पण त्याखाली मूळचं काम दबून गेलं ते वाईट झालं.

प्रेस्बिटेरियन हे नावच वडिलांवरून आलंय. ग्रीकमध्ये प्रेस्बुतेरॉस म्हणजे वडीलधारा. आपल्या जुन्या पद्धतीत पाळकही वडीलच, शिक्षण देणारा वडील. आपण देखरेख करणारे वडील. सेशनमध्ये, म्हणजे मंडळीच्या वडिलांच्या सभेत, पाळक अध्यक्ष असतो, पण निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा. वरच्या प्रेस्बिटरीत, म्हणजे अनेक मंडळ्यांच्या मिळून सभेत, जाल तर तिथे पाळक आणि मंडळ्यांनी पाठवलेले वडील मांडीला मांडी लावून बसतात, आणि दोघांच्या मताचं वजन सारखं. पाळकाचं नाव तर मंडळीच्या पटावर नसतंच, ते प्रेस्बिटरीच्या पटावर. मंडळीच्या पटावर आपण. पाळकसाहेब आज आहेत, चार वर्षांनी बदली होऊन जातील. तुम्ही तिथेच राहणार. त्या आजींच्या नातवाचं लग्न आणि आजींची माती, दोन्ही तुम्ही बघणार.

हे काल-परवा कुणी काढलेलं नाही. जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्व्हिनने १५४१ साली मंडळीचे नियम लिहिले, त्यात चार सेवा सांगितल्या: पाळक, शिक्षक, वडील, डीकन. बारा वडील असायचे, ते शहराच्या कारभारी सभांमधून घेतलेले, म्हणजे प्रपंचातली माणसं. शहराच्या प्रत्येक भागात एक तरी असेल असे निवडायचे, आणि दर गुरुवारी ते पाळकांबरोबर बसायचे. स्कॉटलंडमध्ये मंडळीच्या नियमांच्या, १५६० च्या शिस्तीच्या पुस्तकात वडील दरवर्षी निवडायचे होते, १५७८ च्या दुसऱ्या पुस्तकात ते पद जन्माचं झालं.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शिशाचा बिल्ला. स्कॉटलंडमध्ये प्रभुभोजनाच्या आधी घरोघरच्या माणसांची विचारपूस व्हायची. विश्वास काय सांगतो, कुणाशी वैर आहे का, बोलचाल बंद आहे का. मग त्या माणसाला एक छोटा बिल्ला मिळायचा, आपल्या जुन्या चार आण्याएवढा, त्यावर गावाच्या नावाची अक्षरं, कधी साल. रविवारी तो बिल्ला देऊन मेजाशी बसायचं. वडिलांकडे ठरावीक घरं वाटून दिलेली असायची. कुणाच्या घरात काय चाललंय हे माहीत नसेल तर त्या माणसाला मेजाशी बोलवायचं कसं?

आता याची काळी बाजूही सांगतो, कारण ती माझ्या अंगावर आहे. जिनिव्हात काय आणि स्कॉटलंडमध्ये काय, घरं माहीत असलेले वडील हळूहळू पहारेकरी झाले. स्कॉटलंडमध्ये तर लोकांना सगळ्यांदेखत स्टुलावर बसवून पापाची कबुली द्यायला लावायचे, दंड घ्यायचे. मी वडील झाल्याच्या तिसऱ्या वर्षी आमच्यातला एक तरुण दारू प्यायला लागला होता. मला ठाऊक झालं. मी त्याच्या घरी गेलो नाही. मी कमिटीच्या सभेत, चौदा माणसांसमोर, त्याचं नाव घेतलं. मला वाटलं मी शिस्त पाळतोय. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं. ते घर मंडळीत यायचं बंद झालं ते सहा वर्षं. त्याची आई बाजारात समोरून आली की रस्ता ओलांडून पलीकडे जायची.

शेवटी मी गेलो त्यांच्या दारात. आईने आत घेतलं नाही, उंबऱ्याच्या बाहेर उभं ठेवलं. मी म्हटलं, "बाई, मी तुमच्या पोराचं नाव चारचौघांत घ्यायला नको होतं. मी आधी इथे यायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "सहा वर्षं लागली व्हय हितवर यायला?" चालत सात मिनिटांचं अंतर आहे ते. पुढच्या ईस्टरला आई आली. मुलगा नाही आला. तो आजही येत नाही, आणि त्याच्यासाठी मी रोज प्रार्थना करतो.

म्हणून ताई, आत्मिक काम म्हणजे पुलपिटवर उभं राहून उपदेश करणं, असं समजू नका. आधी उंबऱ्यापर्यंत जायचं.

मला हे शिकवलं आमच्या जुन्या वडिलांनी. ते शिंपी होते, आता ख्रिस्तवासी आहेत. त्यांची मापाची वही होती, लांबट, पिवळ्या कागदाची. पुढून गिऱ्हाइकांची छाती, खांदा, बाही. वही उलटी केली की मागून मंडळीची घरं. एका घराला अर्धं पान. त्यात पापपुण्याचा हिशेब नव्हता. "थोरली गरोदर, सातवा." "भावाभावांत विहिरीवरून." "धाकटा पुण्याला, पत्र नाही." बस एवढंच. प्रभुभोजनाच्या आधीच्या दोन आठवड्यांत ते मला घेऊन घरं फिरायचे. खुर्ची दिली तरी जमिनीवर बसायचे, कारण शिवणकाम करून मांडीची सवय. चहाच्या आधी काही विचारायचे नाहीत. चहा संपला की कप पालथा ठेवायचे आणि विचारायचे, "आपण प्रार्थना करूया न्हवं? मग कशाकशासाठी करू?" लोक सांगायला लागायचे, आणि कितीतरी वेळा त्या सांगण्यातच घरातलं भांडण निघायचं. त्यांची प्रार्थना दोन मिनिटांच्या वर कधी गेली नाही. जे सांगितलं तेच त्याच शब्दांत देवापुढे ठेवायचे. "प्रभू, विहिरीचं तू बघ." मी ऐकलंय हे, त्याच शब्दांत.

तुम्हाला आजींकडे परत जायचंय. आजच जा. उपदेश करू नका. हात धरा, विचारा, "आजी, काय मागू?" त्या सांगतील ते मागा. शब्द सुचले नाहीत तर तेविसावं स्तोत्र वाचा, ते त्यांना पाठ असेल, त्या तुमच्याबरोबर म्हणतील.

ऐझॉलचे दिवस

काकांचं वाचून राहवलं नाही. मी मूळचा कोल्हापूरचा, बँकेच्या नोकरीत तीन वर्षं मिझोराममध्ये होतो. तिथली मोठी मंडळी प्रेस्बिटेरियन, वेल्श मिशनऱ्यांच्या कामातून उभी राहिलेली. वडिलांना तिथे उपा म्हणतात. एका पाळकाकडे अनेक गावांच्या, वस्त्यांच्या मंडळ्या असतात, तेव्हा रोजची मंडळी चालते ती उपांवरच. उपासना चालवणं, उपदेश, दुखणाइताकडे जाणं, सगळं.

माझे शेजारी उपा होते. दिवसा सरकारी कचेरीत कारकून. आमच्या गल्लीत एक मयत झाली, तेव्हा पाळक दुसऱ्या मंडळीत होते. हे शेजारी रात्रभर त्या घरात बसले, सकाळी अंघोळ करून कचेरीत गेले. "पाळक कधी येतील?" असं त्या घरात कुणी विचारलंच नाही. आणि तिथल्या बायका रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात, त्यातून सेवेचा खर्च निघतो. ताई, "पाळक दोनच रविवार येतात" हे तुम्ही अडचण म्हणून लिहिलंय. तिथे ही रोजचीच गोष्ट होती.

एक पाळक

मी स्वतः पाळक आहे, तीन मंडळ्या सांभाळतो, म्हणून लिहितो. ताई, तुमच्या पाळकांना त्या फोनने वाईट वाटलं नसेल, पण तुम्हीच प्रार्थना केली असती तर त्यांना हायसं वाटलं असतं. मला वाटलं असतं. रात्री अकराला फोन येतो, मी पन्नास किलोमीटरवर असतो, आणि त्या घरापासून दोन गल्ल्यांवर दोन वडील झोपलेले असतात. माझी ही वेदना मी कधी पुलपिटवरून बोललो नाही, इथे बोलतो.

काकांनी आपली चूक सांगितली, त्यावरून सेमिनरीत शिकलेलं आठवलं. १९०७ च्या जानेवारीत कोरियात प्याँगयांगला मोठं संजीवन (आत्मिक जागृती) झालं. त्यात पुढे होते गिल सन-जू. ते तेव्हा पाळक नव्हते, त्या मंडळीचे वडील होते. मरणाऱ्या मित्राने त्यांच्यावर आपला पैसाअडका सोपवला होता, त्यातली काही रक्कम त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती. भरल्या सभेत उभं राहून त्यांनी ते कबूल केलं आणि पैसे परत देतो म्हणाले. त्यानंतर लोक एकामागून एक उठून आपापलं कबूल करायला लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोरियाच्या पहिल्या सात पाळकांना दीक्षा मिळाली, त्यात ते होते. खजिनदार भाऊ, हिशेब आणि आत्मिक काम वेगळं नाही हे तुमचं म्हणणं इथे खरं ठरतं. फक्त तो हिशेब आधी स्वतःचा होता.

एक सावधगिरीची गोष्ट. काही वडील पाळकाला नोकर समजतात, पगार आपण देतो म्हणून. पेत्राच्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात वडिलांना बजावलंय की कळपावर धनीपण करू नका, कित्ता व्हा. मी एका मंडळीत दोन वर्षं फक्त खोलीच्या भाड्यावरून भांडणं ऐकली. त्या दोन वर्षांत त्या वडिलांपैकी एकाने तरी "पाळकसाहेब, तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" असं विचारलं असतं तर मी तिथून गेलो नसतो.

पेठेतला खजिनदार

पाळकसाहेब, काका, दोघांचंही वाचलं. मी "ज्याचं त्याने करावं" असं लिहिलं ते मागे घेतो. माझ्या वाट्याला कुठली घरं आहेत हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्याकडे आता "वडील" हा शब्दही कुणी वापरत नाही, "कमिटी मेंबर" म्हणतात.

मिरजेचे काका

भाऊ, तो शब्द गेला त्याला मोठा इतिहास आहे. आमच्या भागात मिशनरी रॉयल वाइल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले आणि १८७० साली ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. तेव्हापासून सेशन, वडील, प्रेस्बिटरी हे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी होते. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या, १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. एक होणं चांगलंच, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण जिथे तिथे कमिट्या आल्या आणि माणूस "मेंबर" झाला. मेंबर सभेपुरता असतो. "वडील" म्हटलं की घरातलं नातं येतं, माणूस हक्काने हाक मारतो, आजींनी मारली तशी. तुमच्या मंडळीत पुढच्या सभेत घरं वाटून घ्या. बारा घरं एकाकडे, याहून जास्त नको.

आणि ताई, तुम्ही लिहिलंत की बाई तुम्ही एकट्याच. कुणी त्यावरून बोललं तर एवढं सांगा: ज्या अमेरिकन मंडळीच्या मिशनने आपल्याकडे काम केलं, तिने १९३० साली स्त्रियांना वडीलपद खुलं केलं. स्कॉटलंडच्या मंडळीने १९६६ साली. आणि त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडच्या बायबल-बाया उन्हातान्हातून गावोगाव चालत जायच्या, आजारी बायकांच्या उशाशी बसायच्या. माझी आजी त्यातली. तिला वडील कुणी म्हटलं नाही. काम मात्र तेच करत होती.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. आज शनिवार, सकाळची शाळा होती. दुपारी आजींकडे जाऊन आले.

काकांनी सांगितल्याप्रमाणे चहाआधी काही बोलले नाही. मग विचारलं, "आजी, काय मागू?" मला वाटलं होतं त्या पायाचं म्हणतील. त्या म्हणाल्या, "मुंबईच्या लेकाचं. दोन वर्षं झाली, फोनबी न्हाई. त्याला यायचं मन होऊ दे." सून दारात उभी होती, ती मान फिरवून आत गेली. मी प्रार्थना केली. चार वाक्यं असतील, मधे एकदा अडखळलेही. मग स्तोत्र वाचायला लागले, तर आजी म्हणाल्या, "मोठ्यानं वाच की, ऐकू येत न्हाई." मग मोठ्याने वाचलं. अर्ध्यात त्यांनीच म्हणायला सुरुवात केली, आणि आतून सुनेचाही आवाज आला.

काका, एक विचारायचं होतं. मी शाळेची जुनी हजेरीवही घेतलीय घरं लिहायला. त्या मुलाबद्दल लिहू की नको? वही कुणाच्या हाती पडली तर?

मिरजेचे काका

"मुंबईचा" एवढंच लिहा. तुम्हाला कळेल, दुसऱ्याला कळणार नाही. आणि पुढच्या वेळी जाल तेव्हा सुनेलाही विचारा, तिला काय मागायचंय.

पेठेतला खजिनदार

काका, आमच्याकडे साठ नाही, एकशे दहा घरं आहेत. वडील सातच. कशी वाटायची?

मिरजेचे काका

गल्लीप्रमाणे वाटा, नात्याप्रमाणे नको. स्वतःच्या भावाचं घर स्वतःकडे ठेवू नका. उद्या उपासनेनंतर फोन करा, बसून यादी करू.